नाणेघाटातील एक रात्र आणि पाच समिती

मार्गशीर्षातील एका शनिवारी पहाटे मुरबाडला माझ्या धाकट्या बंधूंच्या किराणा दुकानात आम्ही दोन पाठपिशव्या वजनकाट्यावर ठेवल्या. बंधूंच्या सतरा वर्षांच्या नातवाची पिशवी साडेआठ किलो भरली, माझी तेरा किलो. मलाही तो दादाजीच म्हणतो. काट्याकडे पाहून तो म्हणाला, “दादाजी, यातला निम्मा डेड स्टॉक आहे.” मी हसून विषय टाळला. छत्तीस वर्षे बँकेत इतरांच्या मालाचे मूल्यमापन केलेल्या माणसाला स्वतःच्या मालावरचा शेरा सहजी रुचत नाही.

आम्ही नाणेघाट चढून पठारावर तंबूत एक रात्र राहणार होतो. सहासष्टाव्या वर्षी हे धाडस मी हौसेने केले नव्हते. त्यामागे घरातील एक दुखणे होते.

गेल्या पावसाळ्यात हा मुलगा मित्राकडे अभ्यासाला जातो असे सांगून एका जलाशयाकाठच्या तंबूंच्या छावणीत जाऊन आला. एका नातेवाइकाच्या फोनमधील छायाचित्रामुळे ते उघडकीस आले. माझा पुतण्या, म्हणजे मुलाचे वडील, यांनी तत्काळ बंदी घातली: यापुढे डोंगर नाही, तंबू नाही, रात्री बाहेर राहणे नाही. चातुर्मासातील प्रवास, रात्रिभोजन, कंदमूळ आणि सर्वांवर कडी करणारे असत्य, असे चार दोष त्यांनी मोजून दाखवले. त्यांचे काही चुकले होते असे मी म्हणणार नाही. परंतु अशा बंदीची मुदत मूल घराबाहेर शिकायला जाईपर्यंतच असते, हे आपण सारे जाणतो. म्हणून मी म्हटले, “चातुर्मास संपू द्या. मी त्याच्याबरोबर जातो. घरातला एकही नियम मोडणार नाही.” सूनबाईंनी एकच विचारले, “काकाजी, चौविहाराचे काय?” मी म्हणालो, “तो होईल.” कसा होईल, हे तेव्हा मलाही नीट ठाऊक नव्हते.

व्यापाऱ्यांची वाट

स्थळ निवडताना नाणेघाट सुचला तो आपण व्यापारी म्हणून. कल्याण–नगर रस्त्याने मुरबाड आणि टोकावडे मागे टाकले, की माळशेज घाटापूर्वी वैशाखरे लागते. तेथून पायवाट डोंगराकडे वळते. कल्याण आणि सोपारा या प्राचीन बंदरांना जुन्नरच्या बाजारपेठेशी जोडणारा हा मार्ग सातवाहनांच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, मालाच्या तांड्यांनी गजबजलेला असे. खिंडीच्या माथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरा सांगते.

माथ्याजवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्रसिद्ध शिलालेख आहे. त्यात राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे: किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण. एका ठिकाणी 24400 कार्षापणांचा आकडा येतो. अंकलेखनाच्या इतिहासात या लेखाला मानाचे स्थान आहे आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात त्यातील अंकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यज्ञ हा आपला मार्ग नव्हे, पण हिशेब दगडावर कोरून ठेवण्याची ती वृत्ती माझ्यासारख्याला जवळची वाटते.

याहून मोलाची मला तेथील पाण्याच्या टाक्यांजवळची छोटी दानलेखने वाटतात. एक टाके सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान आहे. दुसरे कामवन येथील दामघोष नावाच्या गृहस्थाचे. हे दोघे राजे नव्हेत, तुमच्या-आमच्यासारखे गृहस्थ. चढून दमलेल्या अनोळखी माणसाला पाणी मिळावे म्हणून त्यांनी कातळ खोदवला. आपल्या पूर्वजांनी गावोगावी पाणपोया घातल्या, त्याच जातीचे हे काम.

तेरा किलोंचा धडा

पहिला तास बरा गेला. पुढे झाडी दाट झाली, दगडी पायऱ्यांची चढण सुरू झाली आणि माझा उजवा गुडघा बोलू लागला. एका वळणावर मी बसलो तो उठवेना. नातवाने माझी पिशवी उघडली. घडीची खुर्ची, स्टीलचे चार डबे, दोन ब्लँकेटे, मोठी विजेरी, तिच्या जोडीला दुसरी विजेरी आणि न वाचण्याची खात्री असलेली दोन पुस्तके बाहेर निघाली. वरून उतरणारे एक वयस्क गृहस्थ थांबले. तो पसारा पाहून म्हणाले, “शेठ, वर दुकान टाकायचं हाय का?”

मला हसू आले आणि लाजही वाटली. शहापूरला नोकरीनिमित्त होतो, तेव्हा मुंबई–नाशिक महामार्गाने विहार करणारे साधू-साध्वी भगवंत पहाटेच्या अंधुक प्रकाशात कितीदा पाहिले होते. काही मानस मंदिराच्या दिशेने जात, काही पुढे कसाऱ्याकडे. अनवाणी पाय, खांद्याला पात्रे, हातात दांडा, काखेत रजोहरण. सारा संसार तेवढाच, आणि चालणे शेकडो कोसांचे. त्यांना वंदन करून मी घरी येत असे आणि परिग्रह-परिमाणावरचे प्रवचन ऐकत असे. पण एका रात्रीसाठी माणसाला किती लागते, हा हिशेब मी कधी स्वतःला घातला नव्हता.

खुर्ची, दोन डबे, एक ब्लँकेट, एक विजेरी आणि पुस्तके त्या गृहस्थांनी खाली आपल्या घरी नेऊन ठेवली. त्याचे पैसे त्यांनी घेतले, आणि वाजवी घेतले. दोन लिटर पाणी नातवाने आपल्या पिशवीत घेतले. मग मात्र मी चालू शकलो. येथे वाचकांना एवढेच सांगतो: साठी उलटलेल्या माणसाने पाठीवर सहा-सात किलोंपेक्षा अधिक घेऊ नये, आणि घरून निघण्यापूर्वी पिशवी काट्यावर ठेवावी. लाज वाटायची ती दुकानातच वाटलेली बरी.

पठारावरचा मुक्काम

खिंडीतून वर आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. माथा जुन्नर तालुक्यात मोडतो. जवळच घाटघर गाव आहे, शेजारी जीवधन किल्ला. लेण्यात झोपण्याचा विचार आम्ही केला नाही. दोन हजार वर्षांच्या अक्षरांशेजारी कुणी चूल मांडू नये. एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्यांच्या मोकळ्या शेतात तंबू लावला.

त्या दुपारपासून जे जे करावे लागले, ते ते मला पाच समितींच्या चौकटीत बसताना दिसू लागले. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आलेल्या या समिती, म्हणजे सावध वर्तनाचे पाच नियम, मुनींसाठी आहेत. श्रावकाने त्या यथाशक्ती पाळाव्यात, असे आपण ऐकतो आणि पाठशाळेत सोडून देतो.

पहिली ईर्या समिती, पाहून चालणे. घाटवाटेवर ज्याची नजर पुढच्या चार हातांवर असते, त्याचे पाऊल मुंगीवर पडत नाही आणि सुट्या दगडावरही पडत नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या, जीवजंतूंनी भरलेल्या वाटा आपण का टाळाव्यात, हे नातवाला तेथे समजावून सांगावे लागले नाही.

दुसरी भाषा समिती, मोजके आणि हितकारक बोलणे. पठारावर एक टोळी मोठ्या आवाजात गाणी लावून बसली होती. त्यांच्यापासून दूर गेलो तेव्हा वारा ऐकू आला. या समितीचा खरा प्रसंग मात्र रात्री यायचा होता.

तिसरी एषणा समिती, निर्दोष आहार. शेतकऱ्यांच्या विहिरीचे पाणी दुहेरी गाळण्यातून गाळले, गाळण्यावर उरलेले थोडे पाणी पुन्हा त्याच विहिरीत हलकेच सोडले, आणि लहान गॅस-स्टोव्हवर पाणी उकळले. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पावणेपाचला मुगाची खिचडी शिजली, सव्वापाचपर्यंत ती खिचडी आणि घरचे थेपले खाऊन, भांडी धुऊन आम्ही मोकळे झालो. साडेपाचला पुरेसे पाणी पिऊन चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. अंधार पडला तेव्हा इतर तंबूंपुढे चुली पेटत होत्या, उजेडावर किडे झेपावत होते, अन्नाच्या वासाने कुत्री घोटाळत होती. आमच्या तंबूजवळ एक कणही नव्हता. सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले: डोंगरावर चौविहार अवघड नाही, उलट तोच सोयीचा आहे. फक्त दुपारी तीनपूर्वी मुक्काम गाठला पाहिजे.

शेकोटी आम्ही केली नाही. त्या दिवसांत गवत वाळलेले असते. एक ठिणगी वणवा लावते आणि त्यात किती जीव जातात याला गणती नाही. शाल आणि कानटोपी पुरली.

चौथी आदान-निक्षेपण समिती, वस्तू पाहून उचलणे आणि पाहून ठेवणे. तंबूची जागा आधी पुंजणीने हलकेच झाडून घेतली. मुंग्यांचे वारूळ दिसले म्हणून दहा पावले सरकलो. सकाळी पायात घालण्यापूर्वी बूट उलटे करून झटकले. नातवाच्या एका बुटातून लहानसा विंचू बाहेर आला आणि आपल्या वाटेने गेला. विंचूही वाचला, पोराचा पायही वाचला.

पाचव्या समितीकडे नंतर येतो.

अंधारातले बोलणे

रात्री आठच्या सुमारास नवकार म्हणून आम्ही पडलो. थंडी चांगली होती. बराच वेळ गेल्यावर नातू म्हणाला, “दादाजी, एक सांगायचे आहे. त्या पावसाळ्यात मी घरी सांगितले, की छावणीत काही खाल्ले नाही, उपाशी राहिलो. ते खोटे होते. रात्री दहाला जेवण आले. बटाट्याची भाजी होती. मी खाल्ली. भूक लागली होती आणि सगळे पाहत होते.”

मी लगेच काही बोललो नाही. त्याने खाल्ले, याहून पाच महिने त्याने ते एकट्याने वागवले, याचे मला अधिक वाईट वाटले. माझ्या तेरा किलोंपेक्षा ते ओझे जड असले पाहिजे. मग मी त्याला माझे सांगितले. शहापूरला मार्चअखेरच्या हिशेबांच्या रात्री सहकाऱ्यांबरोबर मी चहा घेत असे. एकदा नव्हे, कित्येकदा. घरी आई विचारी, तेव्हा “नाही” म्हणत असे. आई गेली, तिच्यापाशी ते कबूल करायचे राहून गेले. हे आजवर मी कुणालाही सांगितले नव्हते.

तो उठून बसला. अंधारातच आम्ही एकमेकांना हात जोडून ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हटले. संवत्सरीला शेकडो संदेश पाठवतो आणि शेकडो येतात. पण कोणत्या चुकीसाठी आपण क्षमा मागत आहोत, हे मला इतके स्पष्ट पूर्वी कधी नव्हते. “पप्पांना तूच सांग,” मी म्हणालो, “मी शेजारी बसेन.”

उतरताना

सकाळी पुन्हा पाणी उकळले, नवकारशी झाल्यावर खाखरे खाल्ले आणि तंबू आवरला. आता पाचवी, उत्सर्ग समिती: टाकाऊ वस्तू कोणत्याही जीवाला बाधा होणार नाही अशा जागी विसर्जित करणे. शौचासाठी आम्ही पाण्यापासून दूर, कोरडी, निर्जीव जमीन पाहिली होती. उरलेला कचरा आमचा मूठभरच होता, तो पिशवीत गेला. पण खिंडीत आलो आणि टाक्यांजवळ थांबलो. आजूबाजूला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि वेष्टने पडली होती. ज्या जागी गोविंददासाने आणि दामघोषाने अनोळखी प्रवाशासाठी पाणी ठेवले, त्याच जागी आजचा प्रवासी पाण्याची बाटली टाकून जातो. तांडे गेले, बाजारपेठ हलली, त्यांचे दान मात्र अजून कातळात आहे. आमच्या बाटल्याही राहतील. तेवढीच आमची नोंद.

माझी पिशवी आता हलकी होती. नातवाने न बोलता बाटल्या चेपून तिच्यात भरायला सुरुवात केली. वैशाखऱ्याला त्या गृहस्थांकडून खुर्ची आणि डबे ताब्यात घेतले. संध्याकाळी दुकानात कचऱ्याची पिशवी काट्यावर ठेवली. ती तीन किलो दोनशे ग्रॅम भरली.

त्या रात्री दुकान बंद झाल्यावर नातवाने वडिलांना सारे सांगितले. पुतण्या बराच वेळ गप्प राहिला. रागावेल असे वाटले होते, तसा रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, “मला तेव्हाच का नाही सांगितलेस?” मुलगा म्हणाला, “तुम्ही बरोबर नव्हता ना, पप्पा.”

आपली मुले डोंगरात जाणार, तंबूत राहणार. त्यांच्याबरोबर कोण असेल, एवढेच ठरवणे आपल्या हाती आहे. आपले नियम त्यांच्या वाटेतील अडसर नाहीत; डोंगरावर सुरक्षित राहण्याची ती जुनी आणि पारखलेली रीत आहे. चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी पौर्णिमेनंतर, थंडीचे दिवस त्यासाठी उत्तम. हलकी पिशवी, गाळलेले आणि उकळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण, परत आणलेला कचरा आणि घरातील एक वडीलधारे माणूस, एवढी तयारी पुरे आहे.

पुढच्या मार्गशीर्षासाठी पुतण्याने दोन दिवस दुकान बंधूंकडे सोपवण्याचे ठरवले आहे. त्याने स्वतःसाठी पाठपिशवीही आणली आहे. ती रिकामी असतानाच मी काट्यावर ठेवून पाहिली.