नदीचा दर्जा बदलतो म्हणजे काय?

नागपूरला पिण्याचं पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हान या नद्यांतून मिळतं. नदीच्या कोणत्या पट्ट्याचं पाणी कोणत्या वापरासाठी राखायचं, त्यावरून त्याचा दर्जा ठरतो. १९७४च्या जलप्रदूषण कायद्यानुसार हे वर्गीकरण राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ करतं. केंद्रीय मंडळाच्या निकषांप्रमाणे ‘अ’ वर्गाचं पाणी फक्त निर्जंतुक करून पिता येतं. ‘क’ वर्गाच्या पाण्याला आधी शुद्धीकरण लागतं. ‘क’साठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन हवा.

दर्जा उंचावल्याने पाणी आपोआप स्वच्छ होत नाही. मात्र वरच्या अंगाला काय सोडलं जातं, याचा जाब विचारण्याला आधार मिळतो. २०२२च्या पावसाळ्यात कोराडी वीज केंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राख कोलार नदीतून कन्हानमध्ये आली. म्हणून पाणी उचलण्याच्या जागेबरोबर उपनद्याही जपायला हव्यात.

शहराचं सांडपाणी घेऊन नागनदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. तिथे भंडारा जिल्ह्यातले लोक तेच पाणी पितात. आपल्याइतकाच त्यांचाही स्वच्छ पाण्यावर हक्क आहे.