सोयाबीनचं नातं डबक्यातल्या शेवाळाशी? समजून घ्या

पावसाने दडी मारली की नांदगाव खंडेश्वरच्या शिवारातलं सोयाबीन दुपारी मान टाकतं, पण लगेच मरत नाही. पानांवरची सूक्ष्म छिद्रं बंद करून ते पाणी वाचवतं. हे कसब आलं कुठून? माग काढत गेलं की आपण शेवाळापर्यंत पोहोचतो.

सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी गोड्या पाण्यातल्या हिरव्या शेवाळाचे वंशज जमिनीवर स्थिरावले. गवत, कपाशी, वड ही सगळी त्यांचीच पुढची पिढी.

पण नेमकं कोणतं शेवाळ? बराच काळ ‘कारा’कडे बोट दाखवलं जायचं, कारण ते रोपासारखं दिसतं. विदर्भाला लागून असलेल्या सौसरच्या खडकात त्याचे जीवाश्मही सापडले. बिरबल साहनी आणि एस. आर. एन. राव यांनी १९४३ मध्ये त्यांना ‘कारा सौसारी’ नाव दिलं. मात्र हे जीवाश्म दख्खनच्या लाव्हाच्या काळातले, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. तोवर जमीन कधीच हिरवी झाली होती.

पुढे जनुकांच्या अभ्यासाने उत्तर बदललं. सर्वांत जवळचा नातेवाईक निघाला स्पायरोगायराचा गट, म्हणजे डबक्यात तरंगणारे बुळबुळीत हिरवे धागे. वनस्पतींना पाणीटंचाईचा इशारा ओळखायला मदत करणाऱ्या जनुकांची जुनी रूपं याच गटात आढळली. तशी जनुकं मातीतल्या जिवाणूंतही आहेत. ती तिथूनच शेवाळात आली असावीत, असा अंदाज २०१९ च्या एका अभ्यासात मांडला गेला.

थोडक्यात, कोरडवाहू पिकाच्या तग धरण्याची तयारी पाण्यातच सुरू झाली होती.