न्यूटांची वाट

गेलीं दोन वर्षें हिवाळ्याचे महिने मी कॅलिफोर्नियांत बर्कली येथें मुलाकडे घालवितों. त्या प्रांतीं पाऊस हिवाळ्यांत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. गेल्या खेपेस अशाच एका पावसाळी रात्रीं आम्ही मोटारीनें डोंगरांतल्या रस्त्यानें परतत होतों. दिव्यांच्या उजेडांत बोटाएवढ्या काड्या सरकल्यासारख्या दिसल्या. मुलानें वेग कमी केला. "पानें असतील वाऱ्याचीं, चल, उशीर होतो आहे," असें मीच म्हणालों. तीं पानें नव्हतीं, हें मला यंदा कळलें.

यंदा नातीनें हट्ट धरला म्हणून टिल्डन उद्यानांतील निसर्गसहलीस गेलों. हें उद्यान १९३६ सालीं लोकांस खुलें झालें. वाट दाखविणाऱ्या बाई निसर्गशास्त्र शिकलेल्या होत्या. माझ्या गुडघ्यासाठीं त्या दोनदां थांबल्या.

न्यूट दिसावयास पालीसारखा, फार तर वीतभर लांब. पाठ तपकिरी, पोट नारिंगी. परंतु त्याच्या अंगावर खवले नाहींत. तो बेडकाचा सोयरा. (पल्लीपतनाचें फळ पंचांगांत पाहणाऱ्या आमच्या कुटुंबास हें अखेरपर्यंत पटलें नाहीं.) उन्हाळाभर तो बिळांत, ओंडक्यांखालीं पडून असतो. पाऊस लागला कीं पाण्याकडे निघतो, आणि तेंही बहुधा आपल्या जन्माच्याच पाण्याकडे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे व्हिक्टर ट्विटी यांनीं याच कुळांतील तांबड्या पोटाचे न्यूट खुणा करून दूर नेऊन सोडले; त्यांतले कित्येक डोंगर ओलांडून आपल्या मूळ ओढ्यास परतले!

तळ्याच्या कांठीं आम्ही वांकून पाहूं लागलों. पाण्यांत नराची कातडी गुळगुळीत होते आणि शेपूट वल्ह्यासारखें चपटें. एका मादीभोंवतीं पांचसहा नर बिलगून त्यांचा चेंडूच झाला होता. "हे भांडताहेत का?" नातीनें विचारलें. "नाहीं, हें लग्न आहे," बाई शांतपणें म्हणाल्या. शाळेंत असल्या प्रश्नावर मी पान उलटीत असें. पाणवनस्पतींच्या देठांस अंड्यांचे बुळबुळीत गोळे चिकटले होते. एकेका गोळ्यांत ७ पासून ४७ पर्यंत अंडीं असतात.

नातीनें हात पुढें करतांच बाईंनीं तो धरला. न्यूटाच्या कातडींत टेट्रोडोटॉक्सिन हें जहाल विष असतें, फुगणाऱ्या विषारी माशांत असतें तेंच. शिवाय आपल्या हातावरील तेलमिठानें त्याच्या नाजूक कातडीस इजा होते. या विषाच्या जोरावर तो पळत नाहीं. संकट आलें कीं मान व शेपूट वर करून पोटाचा रंग दाखवितो. शहाणा शत्रु मागें फिरतो. गार्टर जातीचे कांहीं सर्प मात्र हें विषही पचवितात.

हें ऐकतांना मला गेल्या वर्षींची रात्र आठवली. मोटारीच्या चाकास पोटाचा रंग काय दिसणार? उद्यानांतील साउथ पार्क ड्राइव्ह हा रस्ता याच कारणास्तव नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत मोटारींस बंद ठेवतात. आमचा त्या रात्रींचा रस्ता दुसरा. तो उघडाच असतो.

निघेपर्यंत अंधार पडला आणि भुरभुर सुरू झाली. त्या रस्त्याच्या तोंडाशीं मुलानें माझ्याकडे पाहिलें. मीं त्यास हमरस्त्यानें घ्यावयास सांगितलें. वीस मिनिटें अधिक लागलीं. नात मागें झोंपून गेली होती.