लाकडात सापडलेली लाट

मुलांनो, एक गंमत सांगते. मी समुद्राची लाट लाकडावर कोरायला बसले, तर ती लाकडात आधीपासूनच होती! कशी ते सांगते, पण आधी घरातल्या खराट्याचे चार-पाच हीर काढून घ्या बरं. (आईला विचारून हं.) ते थोडे वाकवा आणि दोऱ्यानं एकमेकांना बांधा. झाला नकाशा!

हसू नका. पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांवरचे खलाशी माडाच्या झावळीच्या हिरांपासून असेच नकाशे करत आले. ही बेटं म्हणजे प्रवाळांची २९ कंकणद्वीपं आणि ५ सुटी बेटं. उंची समुद्रापासून सरासरी जेमतेम दोन मीटर. अगदी जवळ जाईपर्यंत बेट दिसतच नाही. रात्री तारे वाट दाखवतात, पण आभाळ भरून आलं तर?

तर खलाशी लाटा ओळखतो. किनाऱ्यावर फुटणाऱ्या नव्हेत, तर दूरच्या वाऱ्यांनी उठवलेल्या, एकाच दिशेनं चालत राहणाऱ्या लांबलचक लाटा. पूर्वेची लाट सर्वांत जोरकस. तिचं नाव रिलिब. वाटेत बेट आलं की ती दोन्ही बाजूंनी वाकते, बेटाला वळसा घालते आणि पलीकडे तिचे दोन भाग एकमेकांना छेदतात. तिथं पाणी वेगळंच हिंदकळतं. होडीच्या त्या हेलकाव्यावरून खलाशाला कळतं, की जवळपास बेट आहे! नकाशात वाकवलेले हीर म्हणजे लाटा आणि बांधलेले शिंपले म्हणजे बेटं. शिकवण्यासाठीच्या नकाशाला 'मत्तांग' म्हणतात. नकाशा होडीत नेत नसत. आपण पाढे पाठ करतो, तसा घरीच पाठ करायचा!

रोंगेलाप बेटावर शिकणाऱ्यांना पाण्यात उताणं तरंगायला लावून लाटा अंगानं ओळखायला शिकवत. पण १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं जवळच्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बचा चाचणी-स्फोट केला. त्याची विषारी राख रोंगेलापवर पडली आणि तिथल्या लोकांना घरदार सोडावं लागलं. शिकण्याची जागाच गेली, मग शिकणार कुठं? तरी लहानपणी आजोबांकडे थोडंफार शिकलेल्या कोरेंट जोएल या कप्तानानं २००६ मध्ये लाटांच्या आधारे प्रवास करून जुन्या पद्धतीची परीक्षा दिली आणि 'रि-मेटो', म्हणजे समुद्राचा माणूस, हा मान मिळवला. मला तर ही गोष्ट नकाशाहूनही मोठी वाटते.

आता माझी लाट. लाकडी ठशाच्या चित्राला वुडकट म्हणतात. फळीवर पटाशीनं कोरायचं, रोलरनं शाई लावायची, वर कागद ठेवून चमच्यानं घासायचं. कोरलेला भाग पांढरा राहतो, उरलेला काळा उमटतो. जपानच्या होकुसाईची ती जगप्रसिद्ध 'मोठी लाट' (साधारण १८३१) लाकडी ठशांनीच छापलेली आहे. मी मात्र मत्तांग कोरायचं ठरवलं. जुन्या खोक्याची एक फळी घेतली. फळीत मधोमध गाठ! पटाशी तिच्यावरून घसरायची. वैतागून बघते, तर लाकडाच्या रेषा सरळ येत होत्या, गाठीपाशी वाकत होत्या आणि वळसा घालून पुढे जात होत्या. हुबेहूब रिलिब! मग गाठ तशीच ठेवली. तेच माझं बेट.

ठसा छान उमटला. वर्गात दाखवला. नकाशात पूर्व उजवीकडे असते म्हणून मी मोठी लाट फळीवर उजवीकडून आणली होती. एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमची पूर्व डावीकडे गेलीय. होडी चुकेल की!" खरंच की! ठशात सगळं आरशासारखं उलटं उमटतं, हे मी साफ विसरले होते.

आता दुसरी फळी घेतली आहे. आधी कागदावर काढलं, कागद उलटा करून फळीवर उतरवलं. फक्त होडी कोरायची राहिली आहे. ती कुठं ठेवायची, यावर वर्गात जोरदार वाद चालू आहे. काही जण म्हणतात, बेटाच्या अगदी जवळ. मागच्या बाकावरचे म्हणतात, "नाही बाई, लांबच. बेटाच्या पलीकडे, त्या दोन लाटा भेटतात ना, तिथं!"