पडद्यावरची शिक्षिका : एव्हलिन प्रीअर

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. विद्यापीठाशेजारच्या हार्लेम भागात १९१५ साली कृष्णवर्णीय नटनट्यांची ‘लाफायेट प्लेअर्स’ ही नाटक मंडळी उभी राहिली. काळ्या कलावंतांनी फक्त नाचावे आणि हसवावे, हा गोऱ्यांचा समज या मंडळीने गंभीर नाटके करून खोडून काढला. या मंडळीत पुढे नावारूपास आलेल्या अभिनेत्री एव्हलिन प्रीअर यांची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

त्यांचा जन्म १८९६ साली मिसिसिपी राज्यातील विक्सबर्ग येथे झाला. वडील वारल्यावर आई मुलीला घेऊन शिकागोला आली. तेथेच ऑस्कर मिशो यांच्याशी त्यांची गाठ पडली. स्वतःची पुस्तके दारोदार विकणाऱ्या या कृष्णवर्णीय लेखकाने १९१९ साली ‘द होमस्टेडर’ हा चित्रपट काढला आणि एव्हलिन पडद्यावर आल्या.

१९२० साली ‘विदिन अवर गेट्स’ आला. त्यात त्या सिल्व्हिया नावाची शिक्षिका झाल्या. दक्षिणेतील काळ्या मुलांची शाळा पैशाअभावी बंद पडू नये म्हणून सिल्व्हिया मदत मागायला उत्तरेत जाते. तिला वाढवणाऱ्या आईबापांना गोऱ्या जमावाने फासावर लटकवले, ते दृश्यही चित्रपटात आहे. शिकागोत १९१९ मध्ये वांशिक दंगल होऊन गेली होती. पुन्हा भडका उडेल, या भीतीने चित्रपटाला विरोध झाला. अन्याय करणे चालते, तो दाखवणे मात्र चालत नाही! हा न्याय आपल्या समाजाला का नवा आहे?

१९२३ साली ब्रॉडवेच्या रंगमंचावर त्यांनी ‘सालोमे’ नाटकात प्रमुख भूमिका केली. राजकन्या, शिक्षिका, नायिका अशा भूमिका त्यांनी केल्या, त्या काळात गोऱ्यांच्या चित्रपटात काळ्या स्त्रीच्या वाट्याला बहुधा मोलकरणीचेच काम येई. १९३२ च्या एप्रिलमध्ये त्यांना मुलगी झाली. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ३६ वर्षे.

‘द होमस्टेडर’ आज कोठेच उपलब्ध नाही. ‘विदिन अवर गेट्स’ही हरवला होता. त्याची एकमेव प्रत सापडली ती दूर स्पेनमध्ये, ‘ला नेग्रा’ म्हणजे ‘काळी’ या नावाने. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ साली ती दुरुस्त केली, तेव्हा सिल्व्हिया पुन्हा पडद्यावर दिसली.

भगिनींनो, आपल्या वस्तीतही भीमगीते गाणाऱ्या, जलशात उभ्या राहिलेल्या आयाबाया होत्या. त्यांचे फोटो, वह्या, आवाज कोणाच्या पेटीत आहेत का? आजच शोधा. आपला ठेवा परक्या देशात सापडेल, या भरवशावर आम्ही तरी राहू इच्छित नाही.