जपानी क्रियापदांतील कृतज्ञता

मराठीत 'देणे' हे क्रियापद दोन्ही दिशांनी चालते. मी मित्राला पुस्तक दिले; मित्राने मला पुस्तक दिले. कर्ता बदलला, क्रियापद तेच राहिले. जपानी भाषेत असे चालत नाही. मी दुसऱ्याला दिले, तर 'आगेरु'. दुसऱ्याने मला दिले, तर 'कुरेरु'. मला मिळाले असे आपल्या बाजूने सांगायचे असेल, तर 'मोराउ'. शिवाय या 'मी'मध्ये माझी माणसेही येतात. धाकट्या बहिणीला कोणी खाऊ दिला, तरी बोलणारा 'कुरेता' असेच म्हणतो. तिला मिळालेले तो आपल्याला मिळालेले मानतो.

हीच क्रियापदे दुसऱ्या क्रियापदाला जोडून येतात, तेव्हा वस्तूऐवजी उपकाराची देवघेव होते. मराठी भाषकाला ही रचना परकी वाटू नये. 'पत्र लिहिले' आणि 'पत्र लिहून दिले' यांत आपणही भेद करतोच. 'लिहून घेतले' याची छटा आणखी निराळी. पण आपल्याकडे ही जोड बरीचशी ऐच्छिक आहे. जपानीत ती गाळली, तर ऐकणाऱ्याला खटकते. समजा, अनोळखी शहरात एका वाटसरूने तुम्हांला रस्ता सांगितला. ही हकिकत घरी सांगताना तुम्ही नुसते 'ओशिएता' म्हणजे 'सांगितला' असे म्हणालात, तर व्याकरण चुकत नाही. परंतु बोलणे पोलिसांपुढील जबाबासारखे कोरडे वाटते. 'ओशिएते कुरेता' म्हटले, की त्याने माझ्यासाठी तसदी घेतली हे त्यात येते. वाटसरू तर तेथे हजरही नसतो. आभार त्याच्या कानी पडणार नसतात, तरी वाक्यात ते असावे लागतात.

'आगेरु' मात्र जपून वापरावे लागते. शिक्षकांची पिशवी उचलताना विद्यार्थी 'मोत्ते आगेमास' म्हणाला, तर हेतू चांगला असूनही आपण उपकार करीत आहोत असा सूर त्यात लागतो. अशा वेळी 'ओमोचि शिमास' हे नम्र रूप योग्य ठरते.

वडीलधाऱ्यांनी काही दिले, तर 'कुरेरु'च्या जागी 'कुदासारु' आणि 'मोराउ'च्या जागी 'इतादाकु' येते. पहिल्याच्या मुळाशी वरून खाली देणे हा अर्थ आहे. 'इतादाकु'चा जुना अर्थ डोक्यावर धारण करणे. आपला 'शिरोधार्य' हा शब्द येथे सहज आठवतो. जेवणास आरंभ करताना जपानी माणसे 'इतादाकिमास' म्हणतात, ते याच क्रियापदाचे रूप.

उपकारकर्ता मनुष्यच असला पाहिजे, असेही नाही. वाट पाहायला लावून अखेर पाऊस आला, तर 'आमे गा फुत्ते कुरेता', म्हणजे पाऊस आमच्यासाठी पडला, असे म्हणता येते. छत्री विसरलेला माणूस त्याच पावसाबद्दल 'आमे नि फुरारेता' म्हणतो. ते कर्मणी रूप आहे. पावसाने मला गाठले, अशी तक्रार त्यात असते.