तांब्याच्या पैशाचा भाव

२०२१ सालच्या पावसाळ्यात आमच्या युनियनच्या कचेरीत साचेखात्यातले एक निवृत्त कामगार आले. रुमालाच्या गाठीत तांब्याचे दोन पैसे होते, १८३५ सालचे, कंपनी सरकारचे. कोणी तरी फोनवरून त्यांना सांगितले होते की या जोडीचे तीन लाख येतील, फक्त आधी नोंदणीचे अडीच हजार पाठवा. त्यांनी ते पाठविले. मग कराचे म्हणून सहा हजार मागितले, तेही पाठविले. त्यानंतर फोन बंद झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काहीही संबंध नाही आणि ती त्यासाठी कसलेही शुल्क घेत नाही. पण ते निवेदन आमच्या साचेवाल्यापर्यंत कसे पोहोचावे? त्या दोन झिजक्या पैशांचा खरा भाव चार माणसांच्या चहा-भज्यापलीकडे जात नव्हता.

आम्ही काही नाणकशास्त्रज्ञ नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या वाचनालयात आणि रविवारच्या जुन्या बाजारात झाले. तीस वर्षे तांब्याची नाणी गोळा करताना जे कळले, ते येथे सांगतो.

पहिला गैरसमज असा की तांबे महागले म्हणजे तांब्याची नाणीही महागतात. हिशेब करून पाहू. २००८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या बाजारात तांबे टनाला आठ हजार डॉलरांच्या वर होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ते तीन हजारांच्या खाली आले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये दहा हजारांपलीकडे गेले. कंपनीच्या पैशाचे वजन सुमारे साडेसहा ग्रॅम. दहा हजार डॉलर टन या भावाने त्यातल्या तांब्याची किंमत, तेव्हाचा डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास धरला तर, तीन रुपयांच्या आतच राहते. म्हणजे धातूच्या बाजारात एवढी उलथापालथ झाली तरी पैशातल्या तांब्याचे मोल एखाद-दोन रुपयांनीच हलले. तांब्याचा भाव सरकारला जाचतो, संग्राहकाला नव्हे. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली तेव्हा, १९४३ मध्ये, सरकारने पैशाला मधोमध भोकच पाडले आणि जवळजवळ पाच ग्रॅमांचा पैसा दोन ग्रॅमांवर आणला. नवा पैसाही १९५७ मध्ये कांशाचा निघाला आणि १९६५ मध्ये ॲल्युमिनियमचा झाला. भोकाचा पैसा गिरणीतले फिटर वायसर म्हणून लावीत, असे जुने लोक हसत सांगत. तो आजही ढिगाने मिळतो, म्हणून स्वस्त आहे.

मग भाव ठरतो कशाने? जुनेपणाने तर नव्हेच. शिवराईचेच पाहा. १६७४ च्या राज्याभिषेकापासून एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे पडू लागले. पुढे छत्रपतींच्या वारसांच्या आणि पेशव्यांच्या अमलात ठिकठिकाणच्या टांकसाळींनी तीच अक्षरे गिरवीत शिवराया पाडल्या. त्यामुळे ‘महाराजांच्या हातची’ म्हणून जी दाखवितात, ती बहुधा शंभर वर्षांनंतरची दुदांडी शिवराई असते, आणि ती पुष्कळ मिळते. ‘श्री राजा शंभु’ अशी अक्षरे असलेली मात्र दुर्मीळ. एका शब्दाने भाव कैक पटींनी बदलतो, आणि जेथे एका शब्दाला इतके मोल तेथे खोटे करणारेही येतातच. साच्यात ओतलेल्या नाण्याची अक्षरे मेणासारखी मऊ दिसतात आणि कडेला सांध्याची रेघ राहते. भिंग जवळ असावे. राज्याभिषेकाच्या साडेतीनशेव्या वर्षाच्या गाजावाजात, २०२३-२४ मध्ये, साध्या शिवराईलाही विक्रेते दुप्पट सांगत असलेले आम्ही पाहिले. अशा वेळी घेऊ नये, जवळ असेल तर द्यावी.

नाणे किती शाबूत आहे, याला तर फारच किंमत. आमच्या घराघरांतून चिंच लावून तांबे लखलखीत करण्याची सवय आहे. देवाचे ताम्हन खुशाल घासा, पण नाण्याला चिंच लावू नका! शेदीडशे वर्षांत चढलेली तपकिरी झाक एकदा गेली की गेली, आणि तिच्याबरोबर निम्म्याहून अधिक भावही जातो.

आता वेळेविषयी. व्यापारी जे नाणे शंभर रुपयांस विकतो, ते आपल्याकडून साठास घेतो असे धरा. त्याचीही गादी आहे, भाडे आहे, त्याला दोष नाही. पण म्हणजे आज घेतलेले नाणे भावात दोन-तृतीयांशाने चढेल, तेव्हा कोठे आपले मुद्दल सुटते. त्यातून शेतात एखादा हंडा सापडला आणि त्यातला माल बाजारात फुटला, तर कालचे दुर्मीळ नाणे आज पसाभर होते. (असा हंडा कलेक्टरास कळविण्याचा कायदा १८७८ पासूनचा आहे, तो किती पाळला जातो हे बाजारात दिसतेच.) वर्षा-दोन वर्षांत नफा काढीन म्हणणाऱ्याने या वाटेस जाऊ नये. फंडाची रक्कम तर यात मुळीच घालू नये.

घ्यावयाची चांगली वेळ आमच्या पाहण्यात जून महिना. शाळेची फी, वह्या-पुस्तके, छपराची डागडुजी. घरातले डबे त्याच वेळी उघडतात. हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही. संपात जसे, तसेच येथे: ज्याच्या घरी दाणे आहेत तो थांबतो, ज्याच्या घरी नाहीत तो मिळेल त्या भावाने सही करतो. १९८२ च्या संपाच्या सहाव्या महिन्यात आमच्या वडिलांनी आजोबांची पत्र्याची डबी भंगारवाल्याकडे नेली. आत शिवराया होत्या, ढब्बू होते, किती आणि कसले हे कोणी पाहिले नाही. त्याने ती तागडीत ओतली आणि तांब्याच्या भावाने पैसे दिले. त्यातून आठवड्याचे तांदूळ आले. वडिलांनी चूक केली असे आम्ही कधी म्हटले नाही, पण तागडीतला तो आवाज अजून ऐकू येतो, आणि आमचा छंद बहुधा तेथूनच सुरू झाला.

असो. साचेवाल्या काकांनी शेवटी विचारले, “मग हे विकू तरी केव्हा?” आम्ही म्हटले, “काका, नातवाला द्या, आणि घासू नका म्हणावे.” त्यांनी पैसे पुन्हा रुमालात बांधले. पोलिसांकडे द्यावयाचा तक्रारीचा अर्ज आम्ही लिहून दिला. त्याचे काय झाले हे विचारण्यास आम्ही दोनदा चौकीवर गेलो. साडेआठ हजार अद्याप आलेले नाहीत.